१२ बाय १० च्या खोलीत १८० अंशाचा स्क्रीन: आधी खुर्ची ठोक, मग प्रोजेक्टरचं बघू

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की परभणीला घराच्या वरच्या मजल्यावर १२ बाय १० ची खोली रिकामी आहे, स्लॅब १० फुटावर, त्यात फ्लाइट सिम्युलेटरसाठी १८० अंशाचा गोल स्क्रीन करायचाय तीन प्रोजेक्टर लावून, पीसी आधीच आहे आणि बाकीच्याला दीड लाख बजेट आहे, तर काका रेडियस किती घेऊ, स्क्रीन कशाचा करू अन् प्रोजेक्टर कोणता घेऊ. आता तू परभणीचा म्हणल्यावर जगात जर्मनी अन् भारतात परभणी, तुला थोडक्यात भागणार नाही हे कळतंय मला, पण या तीनही गोष्टी एका चौथ्या गोष्टीवरून ठरतात अन् ती तू लिहिलेलीच नाही. बसल्यावर तुझा डोळा खोलीत नेमका कुठं येणार?

माझं जालन्याला फॅब्रिकेशनचं काम आहे, गेट, ग्रिल, शेड हेच, पण विमानाचं खूळ लहानपणापासून. आत्तापर्यंत असे पाच सेटअप केलेत, दोन प्रोजेक्टरचे अन् तीन टीव्हीचे, आणि पहिल्याची गोष्ट ऐक म्हणजे मी डोळ्याचं काहून विचारतोय ते कळंल. तो माझ्याच गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत केला होता. दीड मीटर रेडियसचा स्क्रीन उभा केला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तीन रात्री जागून चित्र जुळवलं, क्षितिज एकदम पातळीत. मग हौसेनं भंगारवाल्याकडून जुन्या व्हॅनची सीट आणली अन् खाली पाइपच्या फ्रेमवर बसवली. ती निघाली प्लास्टिकच्या खुर्चीपेक्षा चार इंच खाली. चार इंच म्हणजे १० सेंटीमीटर, दीड मीटरवर ते होतात जवळपास पावणेचार अंश, आणि रनवेवर उतरताना जो ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरणीचा कोन, धरायचा असतो तो सगळा मिळून ३ अंशाचा. क्षितिज डोळ्याच्या वर गेलं, त्यामुळं विमान सरळ उडत असताना पण सारखं नाक खाली पडल्यासारखं वाटायचं आणि मी आपला स्टिक मागं ओढतोय. सगळं कॅलिब्रेशन परत पहिल्यापासून.

तर आधी सीट. खरी, कायमची, ज्यावर तू बसणार ती, तिचे रूळ, तिची गादी, आणि गादी थोडे दिवस बसून दबू दे. मग सरळ बसून घरातल्या कुणाला तरी टेपने जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजायला लाव. साध्या खुर्चीवर ते ११५ ते १२० सेंटीमीटर येतं, गाडीच्या सीटवर कमी. त्या ठिकाणी स्लॅबपासून ओळंबा सोड, असा की त्याचं टोक तू बसल्यावर दोन भुवयांच्या मध्ये येईल, अन् सीटवरून उठून ओळंब्याखाली जमिनीवर एक खूण कर. ती तुझी खुंटी. आता यापुढं जे काय मोजायचं ते त्या खुंटीपासून, भिंतीपासून नाही, कारण आपल्याकडच्या भिंती काटकोनात असतात हा निव्वळ समज आहे, गुण्या लावून बघ एकदा.

आता १८० अंश कशाला लागतात. चिकलठाणा विमानतळाच्या रनवे २७ वर, म्हणजे पश्चिमेकडं तोंड असलेल्या रनवेवर, डावा सर्किट मारायचाय, म्हणजे डावीकडं वळत रनवेभोवती चौकोनी फेरी मारून परत उतरायचंय असं धर. टेकऑफ घेतला, दोनदा डावीकडं वळलास, आता तू पूर्वेकडं तोंड करून डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट्या दिशेच्या बाजूवर आहेस, पैठणची बाजू उजव्या हाताला अन् रनवे बरोबर डाव्या खांद्याला, म्हणजे नाकापासून ९० अंशावर. एका मॉनिटरवर तो दिसतच नाही. २७ इंची मॉनिटर ७० सेंटीमीटरवर ठेवला तर तो डोळ्यासमोर जेमतेम ४६ अंश व्यापतो, म्हणजे डावीकडं २३, बाकी सगळं हॅट स्विच, म्हणजे स्टिकवरचं नजर फिरवायचं बटण, दाबून मान फिरवल्याचं नाटक. १८० झाले की रनवे खरंच मान वळवून बघता येतो आणि वेगाचा अंदाज डोळ्याच्या कडेने यायला लागतो, फ्लेअर करताना, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना, जमीन किती वर आलीय हे कळायला कडेच्या चित्राची लई मदत होते. पण एक गोष्ट आधीच माहीत असू दे, बेस लेगला, म्हणजे रनवेकडं यायच्या आडव्या बाजूला, वळायची वेळ येते तेव्हा रनवेचं टोक मागच्या बाजूला ४५ अंशावर गेलेलं असतं, म्हणजे नाकापासून १३५. तिथं १८० पण पुरत नाहीत, हॅट स्विच तेव्हा दाबावाच लागतो. म्हणून १८० च्या ऐवजी १७० झाले तर आभाळ कोसळत नाही.

तुझ्या खोलीसाठी माझं सरळ मत: प्रोजेक्टर नको, ४३ इंची तीन टीव्ही घे. गोल स्क्रीनचा रुबाब वेगळा असतो हे मला मान्य आहे, पण हिशोब बघ.

४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद अन् साडेत्रेपन्न उंच असतो. डोळ्यापासून ८० सेंटीमीटरवर उभा केला की आडवे साडेएकसष्ट अंश आणि उभे ३७. बाजूच्या दोन टीव्हींचे तोंड पण डोळ्याकडंच, त्यांचा मध्य पण ८० वरच, काठाची जाडी धरून मधल्या टीव्हीपासून त्यांचा कोन येतो साडेबासष्ट अंश. बेरीज केली की १८६ च्या आसपास. आणि खोलीत जागा किती खाल्ली तर रुंदीत दोन मीटरच्या आत, म्हणजे तुझ्या १० फुटात दोन्हीकडं अर्धा-अर्धा मीटर उरतो, केबल ओढायला, झाडू मारायला. आत शिरायचं मागून. उजेड असला तरी चालतं, खिडकी काळी करायची गरज नाही, भरदुपारी उडव. नवे तीन टीव्ही अन् स्टँड मिळून तुझ्या बजेटात बसतात, नवे तीन शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र टाकणारे, प्रोजेक्टर बसत नाहीत, सेकंड हँडच्या मागं फिरावं लागंल.

फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलवाला, घ्यावा का असं विचारशील. तीन फोरके टीव्ही म्हणजे जवळजवळ अडीच कोटी पिक्सेल दर फ्रेमला, भलेभले ग्राफिक कार्ड गुडघ्यावर येतात. फोरके मध्ये एका अंशात ६२ पिक्सेल पडतात, चांगल्या नजरेला अंशाला ६० पर्यंतच वेगळे दिसतात, म्हणजे डोळ्याची कमाल झाली. फुल एचडीवर चालवलंस तर अंशाला ३१ पडतात अन् पिक्सेल होतात फक्त ६२ लाख. लांबचा रनवे थोडा करवतीसारखा दिसतो, बाकी काही बिघडत नाही. माझा सल्ला असा की टीव्ही फोरके घे कारण आता बहुतेक तेच मिळतात, पण सुरुवातीला १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर चालव, मग टीव्ही १४४० घेत असेल तर ते लावून बघ, कार्ड पुढंमागं बदलता येतं. तीनही टीव्ही एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एक आज अन् दोन पोळ्याला असं करू नको, मॉडेल बदललं की आभाळाचा निळा रंग जुळत नाही म्हणजे नाही, मी तीन दिवस रिमोट घेऊन बसलो होतो. शक्यतो आयपीएस पॅनलचा बघ, कारण टीव्हीची कड तुला तिरकी दिसणार आहे अन् व्हीए पॅनल तिरक्या नजरेला पांढरट पडतो. दुकानात मोबाइल घेऊन जा, बाजूने उभा राहून स्वतः बघ, सेल्समनच्या बोलण्यावर जाऊ नको. घरी आणल्यावर गेम मोड चालू, चित्र गुळगुळीत करणारं ते मोशनबिशन बंद, आपोआप उजेड कमीजास्त करणारं इको बंद, आणि ओव्हरस्कॅन बंद. हे शेवटचं लई जण विसरतात. टीव्ही चित्राची कड कापून बाकीचं ताणून दाखवतो आणि मग तू कितीही अचूक कोन टाकलास तरी टीव्हींच्या सांध्यावर रस्ता तुटलेलाच दिसतो.

स्टँडला ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, १६ गेज. दोन बाजूचे टीव्ही मधल्या फ्रेमला बिजागरीवर घ्यायचे अन् कोन पक्का करायला खाली लांबट भोकाची पट्टी, नट-बोल्टने आवळायची. वेल्डिंग करून कोन कायमचा करू नको, शेवटी दोन-तीन अंश इकडंतिकडं करावेच लागतात. आणि बाबा, फ्रेम तीन तुकड्यांत कर. एका गिऱ्हाइकाकडं मी अख्खी फ्रेम वर्कशॉपात जोडून, घासून, पेंट मारून टेम्पोत घालून नेली आणि ती जिन्याच्या वळणातून वर जायलाच तयार नाही, मग शेजाऱ्याच्या गच्चीवरून दोरखंड बांधून ओढली, अर्धी गल्ली बघायला. टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांचं अंतर आणि स्क्रूचं माप टीव्ही हातात आल्यावरच घे, कॅटलॉग बघून प्लेट कापू नको. टीव्ही वरखाली तिरका करायचा नाही, ओळंब्यात उभा, आणि पडद्याचा मध्य डोळ्याच्या उंचीला. विमान कितीही उंच गेलं तरी क्षितिज डोळ्याच्या पातळीलाच राहतं, ३५,००० फुटावरून पण तीनेक अंशच खाली दिसतं. पडद्याच्या खालची कड मीटरच्या पॅनलचा छोटा मॉनिटर अन् थ्रॉटल लावून झाकून घेतात, त्यामुळं टीव्हीचा खालचा जाड ओठ दिसत नाही.

सांध्यावरच्या काळ्या पट्टीचं लोकांना लई वाटतं. खऱ्या विमानाला काय अखंड काच असते का, तिथं दोन काचांच्या मध्ये जाडजूड खांब असतो. थर्माकोल नाहीतर सन बोर्ड कापून त्या सांध्यावर खांबाचा आकार लाव, काळा मॅट स्प्रे मार, झालं कॉकपिट.

एवढं सांगून पण तू प्रोजेक्टरच करणार असशील, तर कर, मी स्वतः केलंय तर तुला कोणत्या तोंडाने नाही म्हणू. पण मग नीट कर.

खोली १० फूट म्हणजे ३०५ सेंटीमीटर. रेडियस दीड मीटर घेतला तर व्यास ३ मीटर, फ्रेमला दोन्हीकडं अडीच सेंटीमीटर उरतात, म्हणजे काहीच नाही. १३० सेंटीमीटर घे. अर्धगोलाची लांबी मग ४ मीटर ८ सेंटीमीटर भरते. जमिनीवर गोल आखताना सुतळी वापरू नको, ती ताणते आणि प्रत्येक फेरीला वेगळा रेडियस देते. लाकडी पट्टी घे, एका टोकाला खिळ्यापुरतं भोक, तिथून बरोबर १३० वर पेन्सिल घुसेल एवढं दुसरं भोक, पहिलं खुंटीवर ठोक अन् फिरव. पण पेन्सिलची रेघ ही स्क्रीनच्या तोंडाची रेघ आहे, रिब, म्हणजे स्क्रीनला गोलाई देणारी प्लायची कमान, तिच्या मागं कापायची, म्हणजे स्क्रीनच्या शीटची जाडी सोडून, ही गफलत माझ्या सुताराने केली होती. १८ एमएम प्लायच्या रिब कापायच्या, एक खाली, एक वर, एक मध्ये, उभे खांब दर दीड फुटावर.

त्याच्यावर काय लावायचं यात मी सगळं करून बघितलंय. सगळ्यात आधी हार्डबोर्ड. एप्रिलपर्यंत मस्त, मग खोलीत कूलर लावला अन् त्या ओलीने महिन्याभरात हार्डबोर्ड असा फुगला की क्षितिजाला गोदावरीच्या पुरासारख्या लाटा. एमडीएफचं पण तेच होतं. नंतर फ्लेक्स. आपल्याकडं फ्लेक्सला तोटा नाही, दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, जुन्या फ्लेक्सची मागची बाजू बरी निघते. फ्लेक्स किंवा कोणतंही कापड लावताना फक्त वरून खाली ताण द्यायचा, वरची अन् खालची कड गोल पाइपवर आणि खाली वजन. आडवा ताण दिलास की ते मधल्या उंचीला आत ओढलं जातं अन् स्क्रीन डमरूसारखा होतो. पण फ्लेक्सला उन्हाळ्यात सुरकुती पडते ती पडतेच. मी शेवटी सनमायकावर थांबलो, १ एमएमची, ८ बाय ४ ची शीट, १३० च्या रेडियसला आरामात वळते, ओल लागत नाही. दोन शीट लागतात. सांधा बरोबर नाकासमोर येऊ देऊ नको, अख्खी शीट एका बाजूने लाव म्हणजे सांधा मध्यापासून १७-१८ अंश बाजूला जातो, त्यात गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांची पुट्टी भर, पॉलिश पेपरने घास, वरून प्रायमर.

रंग पांढराशुभ्र चमकदार मारायचा मोह होतो. मारू नको. गोल स्क्रीनची मुख्य अडचण ही की त्याची डावी बाजू उजव्या बाजूवर उजेड टाकते. डावीकडं ढग आले की उजवीकडची जमीन धुतल्यासारखी फिकी. ही काही आपली आजची अडचण नाही. १९५२ साली अमेरिकेत सिनेरामा आला, तीन प्रोजेक्टर अन् १४६ अंशाचा गोल पडदा, त्याचा मूळ माणूस फ्रेड वॉलर, आणि त्याने त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या तोफवाल्यांना नेम शिकवायला पाच प्रोजेक्टरचं यंत्र केलं होतं. म्हणजे आपण जे करू राहिलो ते तिथूनच निघालंय. सिनेरामावाल्यांनी हा उजेडाचा घोळ मिटवायला अख्खा पडदाच हजारावर उभ्या पट्ट्यांचा केला, खिडकीच्या उभ्या पडद्यासारख्या तिरक्या, म्हणजे एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूला जायचाच नाही. आपल्याला ते जमणार नाही, आपण मॅट फिका राखाडी रंग रोलरने मारायचा. चित्र थोडं मंद होतं पण काळं काळं दिसतं. भिंती, स्लॅब, फरशी पण गडद कर, पांढरा स्लॅब असला तर तो ट्यूबलाइटसारखं काम करतो.

प्रोजेक्टर डोक्याच्या वर स्लॅबला टांगायचे, तिघांनी मिळून १८०, एकमेकांवर १५ टक्के चढवून, म्हणजे प्रत्येकाला ७० अंशाच्या आसपास. १३० रेडियसला हे भरायला थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.७ च्या आत लागतो. साधा १.५ वाला घेतलास तर त्याला दोन मीटरच्यावर मागं जावं लागतं, मग मध्ये तुझं डोकं अन् स्क्रीनवर तुझीच सावली. भिंतीला चिकटवून लावायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो गोल स्क्रीनला चालत नाही, त्याचा उजेड इतका तिरका पडतो की सनमायकाचा केसाएवढा फुगवटा पण बोटभर वाकडा दिसतो. चार फूट उंच शीट लावली तरी १६:९ चं चित्र कडेला पावणेतीन फूटच उंच भरतं, उभे ३६ अंश, टीव्हीएवढेच. फोकस पण बघ, प्रत्येक प्रोजेक्टरच्या पट्ट्यात मधला भाग कडेपेक्षा २३ सेंटीमीटर लांब असतो, सगळं एकदम फोकसला येत नाही, म्हणून मध्य अन् कड यांच्या अधेमधे फोकस धरायचा. आणि एवढं करून पिक्सेल? तीन फुल एचडी, चढवलेला भाग वजा करून ५,१८४ पिक्सेल १८० अंशात, अंशाला २९ सुद्धा नाहीत. क्लासेसवाले विकतात ते जुने १२८० वाले शॉर्ट थ्रो घेतलेस तर १९. १९ मध्ये रनवेवरचे आकडे शॉर्ट फायनलला, म्हणजे रनवेच्या अगदी तोंडाशी आल्यावरच वाचता येतात.

चढवलेल्या भागाचं ब्लेंडिंग हा खरा कलेचा भाग. दोन चित्रं एकमेकांवर आली की तिथं उजेड दुप्पट, म्हणून दोघांना कडेकडं मंद करत न्यायचं. नवशिका माणूस काय करतो, मध्यावर दोघांना ५० टक्के करतो अन् मग तिथं काळा पट्टा बघून कपाळावर हात मारतो. प्रोजेक्टर सरळ रेषेत चालत नाही, सिग्नल अन् उजेडाचं नातं सांगणारा त्याचा आकडा, म्हणजे गॅमा, २.२ च्या आसपास असतो, अर्धा उजेड पाहिजे तर सिग्नल ७३ टक्के लागतो. ब्लेंडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गॅमाचा आकडा असतोच, तो १.८ ते २.४ च्या मध्ये हलवत पट्टा दिसेनासा होईपर्यंत बस. सिनेरामावाले यासाठी प्रोजेक्टरच्या तोंडाशी करवतीच्या दातांच्या पट्ट्या भराभर वरखाली हलवायचे, त्यापेक्षा आपलं बरं. पण रात्रीच्या उड्डाणाला यावर उपाय नाही, प्रोजेक्टरचा काळा रंग पूर्ण काळा नसतो, चढवलेल्या जागी तो दुप्पट उजळ होतो आणि अंधाऱ्या आभाळात दोन राखाडी खांब उभे दिसतात. तुला नाइट फ्लाइंग आवडत असेल तर टीव्ही, विषय संपला.

आता सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त लोक जिथं फसतात ते सांगतो. तीन डिस्प्ले जोडून एक लांब डिस्प्ले केला अन् सिम्युलेटरला म्हणालं की दाखव १८०. जमत नाही. सपाट चित्रात कॅमेरा जसा रुंद करत जाशील तशा कडा ताणल्या जातात, टॉर्च भिंतीवर तिरका मारला की गोल लांबोडका होतो ना तसं. मध्यापासून ६० अंशावर वस्तू मधल्यापेक्षा चौपट रुंद होते, ९० वर तर तो आकडा अनंतच. म्हणून प्रत्येक पडद्याला स्वतंत्र कॅमेरा पाहिजे, स्वतःच्या कोनात वळलेला. एक्स-प्लेन नावाच्या सिम्युलेटरमध्ये हे सेटिंगमध्येच मिळतं, प्रत्येक मॉनिटरला फिल्ड ऑफ व्ह्यू (कॅमेरा किती अंश बघतो) अन् आडवा ऑफसेट (कॅमेरा किती अंश वळलाय) टाकायचा, तुझ्या टीव्हीला साडेएकसष्ट, आणि ऑफसेट डावीकडं उणे साडेबासष्ट, उजवीकडं अधिक. फ्लाइटगिअर हा दुसरा सिम्युलेटर फुकट आहे, त्यात कॅमेऱ्यांची एक्सएमएल फाइल हाताने लिहावी लागते पण जे पाहिजे ते होतं, मी पहिली मापं त्यावरच तपासतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये पण जास्तीच्या खिडक्या उघडता येतात, २०२० वाल्यात ते प्रायोगिक म्हणूनच आलं. फिल्ड ऑफ व्ह्यूचा आकडा आवडीचा विषय नाही हे मात्र डोक्यात ठेव, टेपने मोजून जो आला तोच टाकायचा. तो बरोबर असला आणि डोळा खुंटीवर असला की कडेचं ताणलेलं चित्र ताणलेलं दिसतच नाही, कारण टीव्हीची कड पण तुला तेवढीच तिरकी दिसत असते, दोन्ही एकमेकांना मारतात. एका पीसीवर चालंल का म्हणशील तर चालतं, पण प्रत्येक कॅमेरा सगळं जग परत काढतो, प्रोसेसरवर ताण येतो, फ्रेम ३० च्या खाली जायला लागल्या की झाडं अन् सावल्या कमी कर. रुंद स्क्रीनवर फ्रेम अडखळल्या की उलटी येते, खरंच येते, माझा मेव्हणा पहिल्या वळणातच उठून मोरीकडं पळाला.

तपासणीला फरशीवाल्यांचा लेझर लेव्हल एक दिवस भाड्याने आण. सीट बाजूला सरकवून लेझर तिपाईवर बरोबर खुंटीच्या वर, डोळ्याच्या उंचीला. आडवी रेघ ते क्षितिज. लेझरखाली कागदावर छापलेला मोठा कोनमापक चिकटव अन् लेझर १०-१० अंश फिरवत उभी रेघ जिथं पडंल तिथं मास्किंग टेपचा बारीक तुकडा लाव. १३० च्या गोल स्क्रीनवर हे तुकडे दर २२.७ सेंटीमीटरवर आले पाहिजेत, नाही आले तर गोल चुकलाय, सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नको. टीव्हीवर ते सारख्या अंतरावर येणार नाहीत, कडेकडं विरळ होत जातील, ते बरोबरच आहे. प्रोजेक्टर असला तर वॉर्पिंगमध्ये, म्हणजे चित्र वाकवून गोल स्क्रीनवर बसवायच्या सेटिंगमध्ये, १० अंशाची जाळी टाकून तिची प्रत्येक रेघ टेपच्या तुकड्यावर आणून बसव. या कामाला अख्खा रविवार जातो, मधे कुणाला सीटवर बसू देऊ नको, विशेषतः भाच्यांना.

वीज अन् गरमीचं. तीन प्रोजेक्टर प्रत्येकी २५०-३०० वॉट, पीसी ५००-६००, म्हणजे दीड किलोवॉटचा हीटर तू वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, मे महिन्यात लावून बसणार. खोली काळी केलेली, खिडकी बंद. कूलर लावला तर ओल अन् धूळ, एसीच लागतो. टीव्हीला कूलर चालतो, फक्त वाऱ्याचा झोत पाठीवर येऊ देऊ नको. लाइट गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा पण बंद होतो अन् दिवा थंड न होताच राहतो, असे दोन-चार झटके बसले की दिवा गेला समज, म्हणून त्याला यूपीएस हवाच, लेझरवाल्याला एवढा त्रास नाही. टीव्हीला निदान स्टॅबिलायझर अन् चांगलं अर्थिंग. आमच्याकडं एकाच फीडरवर किती मोटारी चालू होतात त्यावर व्होल्टेज ठरतं, तुमच्याकडं काय वेगळं असंल.

तू कमर्शियल पायलटच्या लायसन्सची तयारी करतोयस असं पण लिहिलंस. सराव म्हणून घरचा सेटअप लई कामाचा, चेकलिस्ट, सर्किट, रेडिओ सगळं अंगवळणी पडतं, पण इथले तास लॉगबुकात चढत नाहीत, डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, मान्य केलेल्या सिम्युलेटरवरचेच मोजतात. तिथल्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये चित्र सरळ पडद्यावर दिसत नाही, मायलर नावाच्या चकचकीत प्लास्टिक फिल्मच्या मोठ्या वाकड्या आरशातून दिसतं, म्हणून ते लांब, अनंतावर असल्यासारखं वाटतं अन् दोन्ही पायलटना रनवे एकाच दिशेला दिसतो. आपल्या स्क्रीनवर तसं नाही, तो एका डोळ्याच्या जागेसाठीच बरोबर असतो. शेजारी मित्र बसवलास तर त्याला रनवे तिरका दिसणार, त्याला त्याबद्दल बोलू दे, तू उडव.

डोक्यावर घालायचा व्हीआर घे असं कुणीतरी सांगेलच तुला. चित्र छान असतं, पण हाताने दाबायचे स्विच दिसत नाहीत आणि परभणीच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाने कपाळावरचा घाम काचेवर.

सीट पक्की झाली की तीन मापं पाठव: जमिनीपासून डोळा, डोळ्यापासून समोरची भिंत, आणि जिन्याच्या वळणाची रुंदी. टीव्हीचं ठरवलंस तर पाइपची कटिंग लिस्ट मी काढून देतो, तिथल्या कुठल्याही वेल्डरला दे, दोन दिवसांचं काम आहे. फक्त पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यात विचारू नको, तेव्हा सगळ्या गावाला एकदम पत्र्याचे शेड आठवतात अन् मला जेवायला पण वेळ नसतो.